मुलांची कार सीट दर महिन्याला सैल पडते? नवीन घ्यायच्या आधी हे बघा

आमच्याकडे हा प्रकार चार वेळा झालाय आणि चारही वेळा आम्ही सीटलाच शिव्या घातल्या. पोरगी आता पाच वर्षांची आहे, घरात तिला चिकू म्हणतो, आणि आमची वारी ठरलेली, पुणे ते कोल्हापूर, महिन्यातून एकदा तरी. निघताना सीट एकदम घट्ट, मी स्वतः गुडघा रोवून बसवलेली, आणि खंबाटकी घाट चढून भुईंजला चहाला थांबलो की बघावं तर सीट एका बाजूला कललेली, पट्टा ढिला, पोरगी तिरकी होऊन झोपलेली. परत घट्ट करायची, कराडला परत तेच. बायको म्हणायची नवीन घेऊ या, मी म्हणायचो अजून एकदा बघतो, आणि असं करत करत जे कळलं ते इथे लिहितोय कारण हा प्रश्न मला आता शेजारी, ऑफिसातले, चुलतभाऊ सगळे विचारतात आणि दर वेळी तेच सांगून तोंड दुखलं.

आधी एक गोष्ट. सैल म्हणजे नक्की काय सैल ते ठरवा. दोन वेगळ्या जागा आहेत, एक म्हणजे गाडी आणि सीट यांच्यामधली, आणि दुसरी सीट आणि मूल यांच्यामधली. आणि कधीकधी दोन्ही ठीक असतात पण मूलच मोठं झालेलं असतं, म्हणून काही केल्या नीट बसत नाही. बहुतेक लोक डोक्याकडचा वरचा भाग धरून गदागदा हलवतात आणि म्हणतात बघ किती हलते. तसं नाही करायचं. ज्या जागी गाडीचा बेल्ट किंवा आयसोफिक्स (सीट थेट गाडीतल्या दांड्यांना अडकवायची सोय) सीटला धरतो ना, तिथे हात ठेवून डावी उजवी, पुढे मागे ढकलून बघायचं. तिथे साधारण अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी हलली तर ठीक आहे. मागे तोंड करून बसवलेली सीट वरच्या टोकाला थोडी हलणारच, त्याने घाबरू नका.

आता आमचं पहिलं प्रकरण. मेव्हणी न्यू जर्सीला असते, तिने तिच्या मुलाची सीट बॅगेज म्हणून आणली, चांगली भारी, जड, कपहोल्डर वगैरे. तिथल्या त्यांच्या गाडीत दगडासारखी बसायची म्हणे, आणि आमच्या हॅचबॅकमध्ये पन्नास किलोमीटरला ढिली. मला वाटलं आपले रस्ते. रस्त्याचा हात आहेच, पण खरं कारण बेल्ट निघालं. अमेरिकेतल्या गाड्यांच्या मागच्या बेल्टला साधारणपणे एक सोय असते, बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तो कट् कट् करत फक्त आत जातो, बाहेर येत नाही, म्हणजे लॉक होतो. तिथली सीट ते गृहीत धरून बनवलेली. माझ्या गाडीचा बेल्ट तसा नाही, तो फक्त झटका बसला किंवा जोरात ब्रेक लागला की अडकतो, बाकी वेळ मोकळा सरकतो. त्यामुळे मी कितीही जोर लावून घट्ट करू दे, प्रत्येक खड्ड्याला तो दोन दोन मिलीमीटर बाहेर येत राहतो. तुमच्या गाडीत काय आहे ते बघायला दहा सेकंद लागतात, मागचा बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, थोडा आत सोडा आणि परत ओढून बघा. परत आला तर लॉकची सोय नाही.

यावर इलाज काय, तर सीटच्या पाठीमागे एच आकाराचा एक लोखंडी तुकडा चिकटवलेला होता. आम्ही वर्षभर त्याला स्पेअर पार्ट समजत होतो, एकदा तर चिकूने खेळायला घेतला होता. ती बेल्ट लॉक करायची क्लिप. बेल्टचे कमरेचा आणि खांद्याचा असे दोन पदर एकत्र धरून बकलच्या जिभेपासून अडीच सेंटीमीटरच्या आत ती अडकवायची, मग सरकणं बंद. पहिल्यांदा जमायला मला अर्धा तास आणि एक नख लागलं. ही क्लिप फक्त मॅन्युअलमध्ये सांगितली असेल तरच, आणि हार्नेसवाल्या (म्हणजे मुलाला बांधायचे पट्टे सीटचे स्वतःचे असतात त्या) सीटलाच वापरायची, बूस्टरला (मोठ्या मुलाला उंच बसवणाऱ्या सीटला) कधीही नाही, कारण बूस्टरमध्ये तोच बेल्ट मुलाला धरून ठेवतो आणि तो मोकळा चाललाच पाहिजे. युरोपियन पद्धतीच्या बऱ्याच सीटना बेल्ट पकडणारा चिमटा अंगभूतच असतो, सहसा लाल किंवा निळ्या रंगाचा, नवीन घेताना बेल्टनेच बसवणार असाल तर आधी तो बघा.

दुसरा रस्ता म्हणजे आयसोफिक्सच्या दांड्या. मागच्या सीटच्या पाठ आणि बूड यांच्या सांध्यात बोट घातलं की हाताला लागतात, दोन दांड्यांत २८ सेंटीमीटर अंतर. अमेरिकन सीटचे हूक त्यांना लागतात, आमच्या सीटचे लागले. पण त्यात एक मेख आहे जी मला फार उशिरा कळली, अमेरिकन सीटच्या त्या हूकना वजनाची मर्यादा असते, मूल आणि सीट मिळून ६५ पाउंड म्हणजे साडेएकोणतीस किलो. सीटच जर दहा किलोची असेल तर मूल एकोणीसच्या वर गेलं की हूक सोडून बेल्टवर यायचं. तुमच्या सीटचा नेमका आकडा तिच्यावरच्या स्टिकरवर असतो तो बघा. युरोपियन नियमातल्या आय-साईज सीटनाही असंच, तिथे मूल अधिक सीट मिळून ३३ किलो. म्हणजे आयसोफिक्स आहे म्हणजे कायमचं झालं असं नाही.

आता ज्याने आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ते कारण. सीट कव्हर. नवीन गाडी आली की आपण पहिलं काय करतो, हार घालतो, लिंबू ठेवतो आणि लेदरेटचे जाड कव्हर शिवून घेतो. आमच्या कव्हरवाल्याने मागचे बेल्टचे बकल कव्हरच्या आत गाडून टाकले होते आणि आयसोफिक्सच्या दांड्या तर पूर्ण झाकलेल्या, मला गाडी घेऊन दीड वर्ष माहितच नव्हतं की दांड्या आहेत. शिवाय त्या कव्हरमध्ये जो फोम असतो तो आठवडाभरात दबतो, म्हणजे सोमवारी घट्ट केलेली सीट रविवारी आपोआप सैल, वर रेक्झिन गुळगुळीत, वळणावर सीट सरकतेच. तिसऱ्यांदा सैल पडल्यावर मी वैतागून मागचं कव्हर काढून टाकलं आणि अर्धा प्रॉब्लेम त्याच दिवशी संपला. कव्हर काढायचं नसेल तर निदान दांड्या आणि बकलच्या जागी नीट चीर पाडून शिवून घ्या. सीटखाली घालायची ती सरकू नये म्हणून मिळणारी जाळीदार मॅटही सीटच्या कंपनीने परवानगी दिली असेल तरच, नाहीतर तीसुद्धा दबते.

अजून एक फसवी गोष्ट, मागच्या बकलचा दांडा. काही गाड्यांत तो लांब असतो, सीटचा बेल्ट जिथून जातो नेमका त्या प्लॅस्टिकच्या कडेवर बकल येऊन टेकतं, आणि मग तो बेल्ट कितीही ओढा घट्ट होतच नाही, वर बकल वाकडं होऊन ताण येतो. हे बघायला सीट बसवल्यावर बकलकडे वाकून बघावं लागतं, वरून दिसत नाही. असं असेल तर ती सीट त्या जागी चालत नाही, दुसऱ्या बाजूला बसते का बघा.

हे झालं गाडी आणि सीटचं. आता सीट आणि पोरगी.

कोल्हापूरला आईकडे गेलो की परतीच्या प्रवासाला आई चिकूखाली एक छोटी गोधडी घालायची, घाम येतो पोरीला म्हणून, आणि पाठीला टॉवेल. आम्हाला पत्ताच नाही. पुण्याला पोचेस्तोवर गोधडी सरकून पायाशी गोळा आणि हार्नेस इतका ढिला की तिने दोन्ही हात बाहेर काढलेले, आणि आम्ही म्हणतोय की ह्या सीटचं लॉक खराब झालंय. लॉक एकदम चांगलं होतं, गोधडीच्या जाडीएवढा पट्टा जास्त सोडलेला होता आणि गोधडी गेल्यावर तेवढी जागा रिकामी. हिवाळ्यात महाबळेश्वरला जाताना जाडजूड जॅकेट घालून बांधलं की हेच होतं, फरक इतकाच की जॅकेट दिसत असतं म्हणून कोणाला शंका येत नाही. अपघातात ते सगळं दबतं आणि मूल पट्ट्यातून सुटू शकतं. मी आईला म्हटलं, आई तू गोधडी वरून पांघर, खाली नको. ती म्हणाली, अरे मग घामाचं काय. तर पातळ सुती कपडा घालायचा, आणि गाडी उन्हात असेल तर रिकाम्या सीटवर पांढरी चादर टाकून ठेवायची. सोलापूरला मे महिन्यात बकलचा चटका बसून चिकू अशी रडली होती की तासभर सीटमध्ये बसायलाच तयार नव्हती.

पट्टा पुरेसा घट्ट आहे का याची चाचणी म्हणजे चिमटा. खांद्याजवळ, गळ्याखालच्या हाडापाशी, पट्ट्याला उभा चिमटा काढायचा प्रयत्न करा, कापडाची घडी चिमटीत आली तर ढिला, बोटं घसरली तर बरोबर. घट्ट करताना आधी मांड्यांपाशी पट्टा वर ओढून तिथली सूट काढायची आणि मग खालचं टोक ओढायचं, नाहीतर वर घट्ट आणि खाली ढिला असा प्रकार होतो. आणि पट्ट्याला पीळ पडलाय का बघा. बकल क्लिक होत नसेल तर बहुतेक वेळा आत पार्लेजीचा चुरा असतो, हसू नका, आमच्या बकलमधून मी अर्धी चकली काढलीय. कोमट पाण्याने धुवायचं, मॅन्युअलमध्ये कसं ते असतं, पण तेल, ग्रीस काही घालायचं नाही, आणि पट्टे वॉशिंग मशीनमध्ये टाकायचे नाहीत, साध्या ओल्या फडक्याने पुसायचे.

पट्टे कोणत्या छिद्रातून काढायचे यात पण घोळ होतो. मूल मागे तोंड करून बसलं असेल तर पट्टा खांद्याच्या लेव्हलला किंवा किंचित खालून यायला हवा, पुढे तोंड असेल तर खांद्याच्या लेव्हलला किंवा किंचित वरून. हे उलटं झालं की पट्टा दर वेळी खांद्यावरून घसरतो. चिकू दोन वर्षांची असताना आम्ही तिला पुढे वळवलं आणि पट्टे खालच्याच छिद्रात राहिले, तीन महिने पट्टा घसरतोय घसरतोय करत होतो.

आणि पुढे कधी वळवायचं, यावर आमच्याकडे घरात युद्ध झालेलं. आईचं म्हणणं, पोरीचे पाय दुमडतात, तिला समोर बसव, बिचारीला काहीच दिसत नाही. पाय दुमडले तर काही होत नाही, मुलं घरी सोफ्यावरही तशीच बसतात. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान नाजूक असते, समोरून धडक बसली तर मागे तोंड असलेल्या मुलाचं डोकं, मान, पाठ सगळं सीटच्या पाठीत एकत्र जातं, पुढे तोंड असलेल्याचं डोकं पट्ट्यांच्या पुढे झेपावतं. म्हणून नव्या युरोपियन आर१२९ नियमात, ज्यात आय-साईज सीट येतात, १५ महिन्यांच्या आत पुढे वळवताच येत नाही, आणि सीट परवानगी देत असेल तर त्यापुढेही जितकं जमेल तितकं मागेच ठेवायचं, स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंत ठेवतात. जुना आर४४ नियम वजनावर होता, ९ किलोला वळवता यायचं, आणि गुटगुटीत बाळ ९ किलो सात-आठ महिन्यांतच होतं, त्यामुळे आर४४ ची सीट असेल तर वजन भरलं म्हणून घाई करू नका. मागे तोंड असलेली सीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीही नको, हे सांगायची गरज नसावी पण मी एका पार्किंगमध्ये बघितलंय म्हणून सांगतो.

मांडीवर घेऊन बसणाऱ्यांना मी एक हिशोब सांगतो, वाद घालत नाही. ताशी ५० ने जाणारी गाडी धडकून थांबते तेव्हा वेग तेवढाच असतो जेवढा साधारण १० मीटरवरून पडल्यावर येतो, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. त्या वेगात दहा किलोचं पोर हातात धरून ठेवायचं म्हणजे क्षणभर दोनशे-अडीचशे किलो धरण्यासारखं. बायकोच्या मामांनी हे ऐकलं आणि म्हणाले, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं. मी म्हटलं मामा, तुमच्या वेळी ॲम्बॅसेडर साठने पण धावत नव्हती. आणि कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आहे, १४ वर्षांच्या आतल्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट लावली नसेल तर हजार रुपये दंड.

मग नवीन कधी घ्यायची? आमच्याकडे दरवाज्याच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत, दर तीन महिन्यांनी चिकूला उभं करून उंची लिहितो, सोबत वजन. मागे तोंड असेल तर डोक्याचा वरचा भाग सीटच्या कवचाच्या कडेच्या आतच हवा, किती आत ते मॅन्युअलमध्ये असतं. पुढे तोंड असेल तर खांदे सगळ्यात वरच्या छिद्राच्या वर गेले, किंवा कानाची वरची टोकं कवचाच्या वर आली, की ती सीट संपली, मग वय काहीही असो. वयावर जाऊ नका, दुकानदार पहिला प्रश्न वयच विचारतो, उत्तर उंची आणि वजनात द्यायचं.

घेताना सीटवरचं नारिंगी लेबल बघा. गोलात ई आणि आकडा, वर आर४४/०४ किंवा आर१२९, त्याखाली वजन किंवा उंचीची रेंज. आर१२९ मध्ये बाजूने धडक बसल्याची चाचणीही होते, आर४४ मध्ये ती नव्हती, म्हणून दोन्ही बजेटमध्ये मिळत असतील तर आर१२९ घ्या. युरोपात तर सप्टेंबर २०२४ पासून आर४४ च्या नवीन सीट विकणंच बंद झालंय. आपल्याकडचं स्टँडर्ड एआयएस-०७२, तेही चालेल. लेबलच नसेल, आणि हजार-बाराशेला कापडी गादीला चार पट्टे शिवलेली ती वस्तू ऑनलाईन दिसली, तर स्क्रोल करा, ती सीट नाही, उशी आहे.

दुकानात गाडी घेऊन जा. खरंच. बायको, पोरगी, गाडी तिघांनाही. बसवून दाखव म्हणा आणि मग स्वतः बसवा. सपोर्ट लेगवाली (सीटच्या पुढून फ्लोअरवर टेकणारा पाय असलेली) असेल तर पाय जिथे टेकतो तिथे फ्लोअरखाली सामानाचा कप्पा आहे का बघा, पोकळ झाकणावर तो पाय टेकवायचा नाही. टॉप टेदरचा (सीटच्या वरच्या टोकाला मागे बांधून ठेवणारा) पट्टा असेल तर डिकीतल्या सामान बांधायच्या हुकाला अडकवायचा नाही, टेदरचा पॉइंट वेगळा असतो, मागच्या सीटच्या पाठीला किंवा सेडानमध्ये काचेखालच्या फळीवर, गाडीच्या मॅन्युअलमध्ये चित्र असतं. आजी मध्ये बसणार असेल तर तिला बेल्ट लावायला जागा उरते का तेही तिथेच बघा, आमच्यात उरत नव्हती, म्हणून एक चांगली सीट सोडून दिली. गाडी नवीन घेणार असाल तर भारत एनकॅपमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांच्या धडक-चाचणीत, मुलांच्या सुरक्षेचे ४९ पैकी किती गुण ते वेगळे लिहिलेले असतात, नुसते स्टार बघू नका.

जुनी सीट कोणाकडून घ्यायची असेल तर ती अपघातात होती का हे ज्याच्याबद्दल शंभर टक्के माहीत आहे त्याच्याकडूनच, आणि खाली प्लॅस्टिकवर कोरलेली तारीख बघून. अमेरिकन सीटवर एक्सपायरी लिहिलेलीच असते, उन्हात तापून प्लॅस्टिक ठिसूळ होतं म्हणून.

चिकू आता १११ सेंटीमीटर, अठरा किलो, हार्नेसमध्ये अजून बसते आणि शेवटच्या छिद्रावर आहे. पुढची बूस्टर, पाठ असलेली, कारण बिनपाठीची १२५ सेंटीमीटरच्या आत नको. बूस्टर सोडायची वेळ साधारण १४५ च्या आसपास येते, पाठ टेकून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेशी वाकले पाहिजेत आणि कमरेचा बेल्ट पोटावर न येता मांड्यांवर बसला पाहिजे, खांद्याचा मानेला न लागता. मागच्या मधल्या जागेला नुसता कमरेचा बेल्ट असेल तर तिथे बूस्टर चालत नाही.

मेव्हणीच्या सीटची तारीख मागच्या दिवाळीत संपली. भंगारवाल्याला द्यायच्या आधी मी पट्टे कात्रीने कापले आणि कवचावर मार्करने मोठं लिहिलं, वापरू नका. त्याने सीट उलटसुलट करून बघितली, म्हणाला, साहेब चांगली तर आहे, माझ्या नातवाला झाली असती, पट्टे का कापले. त्याच्याकडे टेम्पो आहे, मागे बेल्टच नाही. मी त्याला तारीख दाखवली, त्याने मान हलवली आणि प्लॅस्टिकच्या भावाने नऊ किलोचे पैसे दिले.